पत्रिकेच्या दोन बाजू

गेल्या लग्नसराईत एक पाटील छापखान्यात आले. बेळगावात पाटील या आडनावावरून माणसाचा काही पत्ता लागत नाही. मराठा पाटील, लिंगायत पाटील, जैन पाटील, सगळे शेजारी-शेजारी नांदतात. म्हणून सव्वीस वर्षं माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे : पत्रिका मराठीत की कन्नडमध्ये?

"दोन्हीत छापा की ओ अण्णा," ते म्हणाले. "मुलीकडची माणसं कन्नड. आमच्या आईला कन्नड वाचता येत नाही, त्यांच्या आज्जाला मराठी वाचता येत नाही. आणि दोघंही चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारी माणसं बघा."

अशा पत्रिका मी शेकड्यांनी छापल्या आहेत. एका बाजूला 'आमचे येथे श्रीकृपेकरून', पाठीमागे तोच मजकूर कन्नडमध्ये आणि खाली 'तम्म सुखागमन बयसुववरु', म्हणजे आपलं आगमन इच्छिणारे. त्यात एक ओळ अशी असते की तिचं भाषांतर करावं लागत नाही, नुसती लिपी बदलली की झालं. ती सगळ्यात वरची : श्री रेणुका यल्लम्मा प्रसन्न. सौंदत्तीच्या डोंगरावरची देवी दोन्ही घरांची, आणि 'प्रसन्न' हा शब्दही दोन्ही घरांचा.

पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याला मी अशी पत्रिका दाखवली तेव्हा तो हळहळला. "अरेरे, लग्नपत्रिकासुद्धा कन्नडमध्ये छापावी लागते का तुम्हाला?" बदली होऊन आलेल्या, खाली बेंगळुरूकडच्या एका अधिकाऱ्याने तीच पत्रिका हातात घेऊन विचारलं होतं, "इतकी वर्षं कर्नाटकात राहून अजून मराठी?" दोघांच्याही लेखी तो कागद कुणाच्या तरी पराभवाचा दाखला होता. पाटलांच्या लेखी ती पत्रिका होती.

सीमाभागातल्या मराठी माणसाबद्दल जे काही बोललं जातं ते या दोन प्रतिक्रियांच्या मधे कुठेतरी अडकतं. मिल्टन यिंगर नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९६० मध्ये एक फरक करून ठेवला आहे, तो मला इथे उपयोगी वाटतो. मोठ्या समाजात राहूनही ज्यांची बोली, सण, आपसातले नियम वेगळे असतात, त्यांची ती उपसंस्कृती. आणि मोठ्या समाजाशी झगडा हाच जिचा कणा असतो, ती प्रतिसंस्कृती. वेगळं असणं आणि विरुद्ध असणं या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढाच त्याचा मुद्दा. आता बेळगाव बघा. एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापना दिनी, एकीकडे लाल-पिवळ्या झेंड्यांनी राज्योत्सवाची मिरवणूक निघते, दुसरीकडे काळ्या फिती लावून आमची सायकल फेरी. त्या दिवशी आम्ही प्रतिसंस्कृती असतो. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस आम्ही उपसंस्कृती असतो, आणि त्या दिवसांबद्दल कुणी काही लिहीत नाही. काळी फीत मी स्वतः लावली आहे, तिची थट्टा मला करायची नाही. तक्रार इतकीच की त्या एका दिवसाने बाकीचं वर्ष खाऊन टाकलं. मुंबईत गेलं की लोक आमच्याकडे जखम म्हणूनच बघतात. हळूहळू आम्हीही तशीच ओळख करून द्यायला शिकलो.

इतिहास इथल्या पोराटोरांना पाठ आहे, तेव्हा तो दोन वाक्यांत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आम्ही मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलो. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालाने २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ कर्नाटकाला द्यायला सांगितली आणि बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवलं. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. महाराष्ट्राची मागणी पाटसकर सूत्राची : खेडं हा घटक धरा, भौगोलिक सलगता बघा, भाषिक बहुमत बघा. वाटणी करायचीच तर याहून न्याय्य सूत्र मलाही सुचत नाही. पण त्याच्या पोटात एक गृहीतक आहे. गावाला एक भाषा असते आणि ती मोजता येते, हे ते गृहीतक.

सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडला जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन भाषाशास्त्रज्ञांनी हेच तपासलं. त्यांचा निबंध १९७१ चा. कुपवाडात जैन आणि लिंगायत घरात कन्नड बोलत, मुसलमान उर्दू, दलित मराठी, आणि दोर वळणाऱ्यांच्या घरात तेलुगू. शेकडो वर्षं एकत्र राहून या भाषा एक झाल्या का? शब्द नाही झाले. प्रत्येक घराने आपले शब्द राखले. पण वाक्याची बांधणी इतकी जवळ आली की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द बदलत गेलं की दुसऱ्या भाषेतलं वाक्य तयार. शब्द घरचे आणि व्याकरण गल्लीचं, असं मी त्याचं भाषांतर करतो.

आमच्या बोलण्यात हे रोज ऐकू येतं. प्रमाण मराठीत 'मी काम केलं'. आमच्याकडे माणूस सरळ 'मी काम केलो' म्हणतो. पुण्याच्या कानाला ती चूक वाटते. कन्नडमध्ये भूतकाळाचं क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालतं, कर्माकडे ढुंकून बघत नाही, आणि आमची मराठी त्या शेजारणीला बघून तशी चालायला लागली. 'तो येणार आहे असं तो म्हणाला' या जागी 'येतो म्हणून म्हणाला', हेही तसंच. कन्नडच्या 'अंत'ची, म्हणजे 'असं म्हणून'ची, ती सावली. शब्द सगळे तुकाराम महाराजांच्या ओळखीचे, चाल मात्र समोरच्या घराची. आणि उसनवारी नुसत्या चालीची नव्हती, नुसत्या सीमेवरचीही नव्हती. तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का हे आपले वाटणारे शब्द दक्षिणेकडून आलेले आहेत. पुण्याच्या भातावर जे वाढतात त्याचं नावही मूळचं तिकडचंच.

इथे एक कबुली. छापखान्यात बसून मी वर्षानुवर्षं ही बोली 'सुधारत' आलो. कुणी हाताने लिहून आणलेल्या मजकुरात 'केलो' असलं की निळ्या पेनाने 'केलं'. कुणी सांगितलं नव्हतं. आपला माणूस बाहेर हसू होऊ नये, ही भावना. आणि हसू होतंच. महाराष्ट्राला बेळगावची मराठी ठाऊक आहे ती पु. ल. देशपांड्यांनी रंगवलेल्या रावसाहेबांमुळे. त्या माणसावर पु. लं.चा जीव होता, ते वाचताना कळतंच. पण वाचणाऱ्यांनी त्यातून एवढंच उचललं की बेळगावकर बोलला की गंमत येते. पुण्यात शिकायला गेलेला माझा पुतण्या पहिल्या सुट्टीत परत आला तो 'की' आणि 'ओ' गाळून. त्याची आजी त्याला म्हणाली, "काय रे, बरं नाही का तुला?"

आता समोरच्या घराकडे वळू. बेळगावची कन्नड बेंगळुरूला कशी वाटते? तिथल्या सिनेमात विनोदी पात्र हवं असलं की त्याच्या तोंडी उत्तर कर्नाटकची बोली घालतात. आमच्या शेजाऱ्याच्या कन्नडला मराठीचा हेल आहे, 'बरोब्बर'सारखे शब्द आहेत, ती खालच्या लोकांना गावंढळ वाटते. मराठी घरात जन्मलेले कन्नड कवी द. रा. बेंद्रे धारवाडच्या याच मातीतल्या बोलीत लिहून १९७३ चं ज्ञानपीठ घेऊन आले, तरी बेंगळुरूच्या पडद्यावर ती बोली अजून हसण्यावारीच. विकासाचा पैसा खालीच राहतो ही त्यांची तक्रार जुनी आहे. २०१२ मध्ये बेळगावात सुवर्ण विधानसौध उभं राहिलं, वर्षातून एक अधिवेशन तिथे भरतं, ते संपलं की मोटारी पुन्हा दक्षिणेकडे धावतात. विधानसौध बांधलं ते आमच्या डोळ्यांसमोर कर्नाटकाचा हक्क ठसवायला, यात मला शंका नाही. पण अधिवेशन संपल्यावर तिथलं जे रिकामपण असतं ते माझ्या कन्नड शेजाऱ्याच्याही वाट्याला येतं.

माझं म्हणणं इथे येऊन पोचतं. आम्ही दोघं दोन मोठ्या प्रवाहांच्या काठावरची माणसं आहोत, आणि काठावरच्या माणसाचा खरा सोयरा त्याच्या स्वतःच्या भाषेच्या राजधानीत नसतो, तो पलीकडच्या काठावर असतो. मुंबईला आमच्याबद्दल कळवळा आहे, तो निवडणुकीच्या सुमाराला वाढतो. बेंगळुरूला शेजाऱ्याबद्दल अभिमान आहे, तोही तेव्हाच वाढतो. दोघांनाही आम्ही शुद्ध हवे आहोत. त्यांना संपूर्ण मराठी गाव आणि संपूर्ण कन्नड गाव असा नकाशा हवा, आणि आमच्या घरांत तर पत्रिका दोन्ही बाजूंनी छापलेली.

(इथे कुणीतरी 'कानडा विठ्ठल' काढेल. सौहार्दाच्या प्रत्येक सभेत तो काढतात. विठोबाला मध्ये घालून आजवर एकाही कचेरीत एकही कागद मराठीतून मिळालेला नाही, म्हणून मी त्याला विटेवरच राहू देतो.)

कुमार गंधर्वांचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ हे त्यांचं नाव, १९२४ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीला एका कन्नड लिंगायत घरात जन्म. मराठी घरांत पुढे त्यांच्या गाण्याने सकाळ व्हायला लागली. त्याच सुळेभावी-बाळेकुंद्रीच्या पट्ट्यात २०२५ च्या फेब्रुवारीत बसमध्ये तिकिटावरून बोलाचाली झाली, मराठी-कन्नडचा वाद पेटला, वाहकाला मारहाण झाली, आणि दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही दिवस सीमेवरून परत फिरल्या. त्या आठवड्यात माझ्याकडे तयार पडलेल्या दोन लग्नांच्या पत्रिका कोल्हापूरला पोचायच्या होत्या. अखेर मुलाचा मामा मोटारसायकलवर घेऊन गेला. मारणाऱ्यांपैकी कुणाला कुमार गंधर्व त्या गावचे हे ठाऊक होतं की नाही देव जाणे. ठाऊक असतं तर हात थांबला असता असंही मला वाटत नाही.

माझ्याच गल्लीतला एक मित्र हे ऐकून चिडतो. म्हणतो, "तुझं हे दोन काठ वगैरे छान आहे. पण सरकारी कचेरीच्या खिडकीपाशी गेलं की तो शेजारी आणि तू सारखे असता का?" त्याचं बरोबर आहे, आणि हे मी झटकून टाकत नाही. दोन वर्षांमागे आईच्या नावावरच्या शेताचा उतारा काढायला मी एका कचेरीत गेलो. उतारा कन्नडमध्ये. आईने तो उलटसुलट केला, अक्षरांवर बोट फिरवलं आणि विचारलं, "यात माझं नाव कुठलं?" जन्मभर त्या शेतात राबलेल्या बाईला आपलं नाव कागदावर ओळखता आलं नाही. मराठीतून प्रत मिळेल का, असं मी विचारलं तर टेबलामागचा माणूस हसून म्हणाला, मिळेल की, कोल्हापूरला. ही कुणाच्या सौजन्याची बाब नाही. एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक पंधरा ते वीस टक्के असतील तर सरकारी सूचना आणि नियम त्यांच्याही भाषेत निघावेत, हे १९५६ मध्येच केंद्राने राज्यांना घालून दिलं. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची तरतूद तर राज्यघटनेच्या ३५० अ कलमातच आहे. यासाठी बेळगाव महाराष्ट्रात जाण्याची वाट बघावी लागत नाही. खटल्याचा निकाल काहीही लागो, हा हक्क आजचा आहे.

मी मित्राला एवढंच म्हणतो की तो उतारा आईला वाचून दाखवला कुणी? समोरच्या घरातल्या, कन्नड शाळेत जाणाऱ्या पोराने. मराठी प्रतीसाठी अर्ज करायचा तर त्यावर त्याच्या बापाची सही पाहिजे. आमच्या शंभर सह्या म्हणजे चळवळ ठरते आणि फायलीत जाते. त्याची एक सही असली तर साहेब चष्मा वर करून बघेल. ती सही आम्ही कधी मागितलीच नाही. मराठी सभेचं निमंत्रण त्याच्या दारात जात नाही, आणि त्यांच्या सभेचं आमच्या. मागितली तर तो देईलच असं नाही. त्याच्यावरही त्याच्या लोकांचा डोळा असतो. पण न मागता नाही म्हणाला असं धरून सत्तर वर्षं काढणं हा शहाणपणा नव्हे.

पाट्यांचा कायदा आला तेव्हाची गोष्ट. २०२४ पासून पाटीवर साठ टक्के कन्नड असलंच पाहिजे. फ्लेक्सचं मशीन मी आधीच घेतलेलं, तेव्हा माझ्या धंद्याला बरकतच, हे लपवत नाही. दुकानदार टेप घेऊन यायचे. दहा फुटांच्या पाटीत सहा फूट कन्नड म्हणजे साठ टक्के का? की अक्षराची उंची मोजायची? एकाने तर अक्षरांच्या पोटातली पोकळी धरायची का असं विचारलं. त्यातला एक बेकरीवाला कन्नड घरचा. त्याला अडचण अशी की त्याच्या बेकरीचं नाव तीन पिढ्यांपासून मराठीत रंगवलेलं, गिऱ्हाईक त्या अक्षरांच्या वळणाला ओळखतं. नाव तेच आणि लिपी कन्नड केली तर लोक नवीन दुकान समजतील. त्याचा राग माझ्यापेक्षा जास्त होता. हा राग कुठल्या मोर्च्यात बसवायचा? आमच्यात त्याला जागा नाही, त्यांच्यात तो बोलू शकत नाही.

चिडलेल्या मित्राची दुसरी भीती मला अधिक खरी वाटते : असं मिसळत गेलो तर विरघळून जाऊ. कुपवाडचा धडा उलट आहे. तिथे मिसळणं शक्य झालं कारण घरचे शब्द कुणी सोडले नाहीत. घरचे शब्द गेले तर मिसळायला उरतं काय? आणि आमचे शब्द आज पळवतंय कोण? आमच्या गल्लीतल्या मराठी शाळेत माझ्या वेळी एका इयत्तेच्या दोन तुकड्या होत्या, आता दोन इयत्ता एका खोलीत बसतात. ती पोरं कन्नड शाळेत गेलेली नाहीत. सकाळी पिवळ्या बसमध्ये टाय लावून इंग्रजी शाळेला जातात, आणि त्याच बसमध्ये कन्नड घरची पोरंही असतात. एक नोव्हेंबरला घसा कोरडा करणारे आमचे पुढारीही त्या बसच्या थांब्यावर नातवाचं दप्तर धरून उभे दिसतात. मीही उभा राहिलो आहे, माझी मुलगी त्याच बसने गेली.

आमच्या गल्लीचं मी जरा जास्तच कौतुक करतोय असं वाटेल, म्हणून हेही सांगतो. वैशाखातली आमची शिवजयंती हा बेळगावचा अभिमान. महाराष्ट्र सरकार १९ फेब्रुवारी धरतं, आम्ही तिथीला चिकटून आहोत, आणि चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. सतराव्या वर्षी मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मावळा होऊन तलवार उगारून पहाटेपर्यंत उभा होतो. संवाद कॅसेटवर, आम्ही ओठ हलवायचे. चेहऱ्याचा रंग घामाने गळ्यात उतरलेला. आमचा शिवाजी झालेला मुलगा वडगावच्या विणकराचा, घरी कन्नड बोलणारा. कॅसेटवरचा आवाज त्याचाच होता, कारण आमच्यात तेवढा दम कुणाला नव्हता. हे मी नेहमी सांगतो. जे सांगत नाही ते असं की त्याच वर्षी खानापूरच्या जंगलातल्या गवळी-धनगर वस्तीतला एक मुलगा आमच्या तालमीत राहायला आला होता. त्याची मराठी आमच्याहून जुन्या वळणाची. आम्ही तिची इतकी टिंगल केली की तो महिन्याभरात परत गेला. पुण्याने आमच्याशी जे केलं ते आम्ही त्याच्याशी अधिक सफाईने केलं. सीमाभागातली मराठी गावं मोजताना त्याची वस्ती आम्ही आवर्जून मोजतो. व्यासपीठावर मात्र त्याची बोली कधी ऐकली नाही.

पाटलांच्या पत्रिकेचं प्रूफ तयार झालं. खाली लहान मुलांच्या नावांवर एक ओळ असते. डीटीपी करणाऱ्या मुलीने नेहमीच्या फाईलमधून ती उचलून टाकली होती : 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' पाटलांनी लिहून दिलेल्या कागदावर होतं : 'आमच्या काकाच्या लग्नाला याच की!' निळं पेन माझ्या हातातच होतं. मी 'यायचं हं' खोडलं आणि त्यांचं 'याच की' ठेवलं. मुलगी म्हणाली, "हे बरोबर दिसतंय का?" मी म्हटलं, असू दे. मराठी बाजू तीनदा वाचली. कन्नड बाजूवरून नजर फिरवली आणि सही करून छापायला दिली. आमच्या वेळी शाळेत कन्नडचा तास म्हणजे मागच्या बाकावरचा तास, त्याची ही फळं.

चौथ्या दिवशी पाटलांचा फोन. मंगल कार्यालयाच्या नावात अक्षराखालचं एक ओत्तक्षर, म्हणजे कन्नड जोडाक्षराचं खाली लिहायचं चिन्ह, राहून गेलं होतं, नावाचा अर्थच बदलला होता. मुलीच्या आज्जांनी पकडलं. चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली होती त्यांनी. वाटायच्या राहिलेल्या चारशे पत्रिका परत आल्या, आणि दुपारभर मी आणि ती डीटीपीवाली मुलगी काळ्या पेनाने एकेक ओत्तक्षर भरत बसलो. कुठे लावायचं ते तिने मला पहिल्या पत्रिकेवर दाखवलं.